तिसरं पाणी

माझ्या सासूबाईंइतकं भित्रं माणूस मी अजून पाहिलेलं नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगत आले आहे. लिफ्टची भीती वाटते म्हणून चार मजले चढून येतात. फोन वाजला की हात आधी छातीवर जातो, मग फोनवर. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, खाली उतरायचं आणि परत वर येऊन चौथ्यांदा ओढायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मी एकदा वैतागून म्हणाले. तर म्हणाल्या, "असू दे गं. ब्रह्मराक्षस आला तर निदान दार तरी बंद असेल."

आणि असलं हे माणूस अकरा वर्षं एका वाईन बारमध्ये ग्लास धुतंय.

सासरे गेले तेव्हा माझा नवरा शिकत होता. दोन वेळची चूल पेटती ठेवायची तर बाहेर पडणं भाग होतं. कोणीतरी हे काम सुचवलं आणि सासूबाई जीव मुठीत धरून तिथे गेल्या. रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली उतरलं की एक लांबट खोली, दहा-बारा टेबलं, भिंतभर बाटल्या. मागच्या बाजूला दोन सिंक असलेली अरुंद जागा आणि गल्लीत उघडणारं एक दार. ती अरुंद जागा म्हणजे सासूबाईंचं राज्य. ग्लास फुटेल या धास्तीने त्या ग्लासला असा हात लावतात की अकरा वर्षांत तीनच फुटले. तिन्ही कुठल्या वारी फुटले तेही त्यांना पाठ आहे.

स्वतः मात्र त्यांनी कधी एक थेंब जिभेला लावला नव्हता. मी विचारलं, इतकी वर्षं वासात राहून एकदाही चाखावीशी वाटली नाही? तर म्हणाल्या, "वाटली की. पण आवडली तर काय करू?" कपाळ माझं!

पण न पिताही त्यांना वाईन कळते, आणि कशी कळते ते ऐकण्यासारखं आहे. बाहेरून येणारा ग्लास त्या आधी उजेडात धरतात. कुठल्या वाईनचा ग्लास चाटून-पुसून रिकामा आला, कुठल्या वाईनचे दोन घोट तसेच राहिले, कोणी नुसते ओठ लावून ठेवून दिली, सगळं त्यांच्या डोक्यात नोंदलेलं असतं. मालकाला हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच कळलं. दर शनिवारी दुपारी चार वाजता त्याच्याकडे "खिशाला परवडणाऱ्या सहा" असा कार्यक्रम असतो. सहा स्वस्त वाईन, प्रत्येकीचे दोन-दोन घोट, आणि मालकाचं भाषण. त्या सहांमधल्या निम्म्या तरी सासूबाईंच्या सांगण्यावरून ठरतात. लोकांपुढे मालक ते कबूल करत नाही, ती गोष्ट वेगळी.

मालक माणूस वाईट नाही. उंच, टकला, आवाज असा की पायऱ्यांवरूनच ऐकू यावा. माणसं जिभेने न पिता लेबलाने पितात, हे त्याचं आवडतं वाक्य. म्हणून शनिवारी बाटल्या दिसूच द्यायच्या नाहीत. सहा वाईन आधीच चिनी मातीच्या एकसारख्या सुरयांत ओतून ठेवायच्या आणि सुरईच्या गळ्यात एक ते सहा आकड्याची चकती अडकवायची. अरुंद गळ्याच्या, जाडजूड सुरया, आत काय आहे ते बाहेरून कोणाला दिसणार नाही.

त्या धुवायची पद्धत सासूबाईंची. आत हात जात नाही, म्हणून एक लहान चमचा पांढरी पावडर, अर्धा कप गरम पाणी, खळबळवायचं आणि दहा मिनिटं उभी ठेवायची. मग तीन पाण्यांनी धुवायची. त्या म्हणतात, पहिलं पाणी पावडरीसाठी, दुसरं वासासाठी आणि तिसरं माझ्या मनासाठी. तिसरं पाणी झालं की सुरई रॅकवर उपडी. त्या खोलीतला कायदाच होता तो: उपडी ती धुतलेली, उभी ती न धुतलेली.

पावडरीच्या डब्यावर लाल अक्षरांत इशारा आहे. सासूबाई तो डबा एकटाच वेगळ्या फळीवर ठेवतात. एकदा चहा पिता पिता मला सांगत होत्या, लाल वाईनच्या उष्ट्या ग्लासात ही पावडर पडली ना, की लाल रंग बघता बघता निळा-जांभळा होतो. मी मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाले, अरे वा, जादूच की. त्यांनी कप उचलून विसळायला घेतला.

आता ज्या शनिवारची ही गोष्ट आहे, त्याच्या दोन महिने आधीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कार्यक्रम ऐन रंगात असताना सासूबाईंना एका ग्लासाच्या तळाशी काहीतरी चमचमताना दिसलं. काच! त्या धावत बाहेर आल्या, "थांबा, थांबा, काच आहे!" लोकांनी तोंडातलं थुंकलं, एका बाईंनी रडायला सुरुवात केली. निघालं काय, तर खडे. थंडीत ठेवलेल्या पांढऱ्या वाईनच्या तळाशी कधीकधी साखरेसारखे बारीक खडे धरतात, त्याने काही होत नाही. मालकाने सगळ्यांना समजावलं, लोक हसले. नंतर मागे येऊन तो त्यांना शांतपणे म्हणाला की पुन्हा जर पाहुण्यांसमोर अशा आलात तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. त्यानंतर आठवडाभर त्यांना धड जेवण गेलं नाही. या वयात दुसरं काम कोण देणार, हे त्यांनी मला निदान वीस वेळा विचारलं असेल.

आणि मी? मी नुकतीच एका ऑफिसात लागले होते, तात्पुरती. कायम कोणाला करायचं हे आमच्या मोठ्या बाईंच्या हातात होतं, आणि निकाल पुढच्याच आठवड्यात होता. बाईंचा थाट मोठा. कोणाचे वडील काय करतात, सासरी कोण असतं, सगळं हसत हसत विचारायच्या. मलाही विचारलं होतं. मी सांगितलं, सासूबाई हॉटेल व्यवसायात आहेत. हॉटेल व्यवसायात, म्हणे! जीभ झडली कशी नाही माझी.

त्या शुक्रवारी बाईंनी जाहीर केलं की उद्या आपण सहाजणी वाईन चाखायला जाऊ या, एक छान जागा सापडली आहे. जागेचं नाव ऐकलं, तर तो सासूबाईंचाच बार. काहीतरी निमित्त काढून टाळता आलं असतं, पण पुढच्या आठवड्याचा निकाल डोळ्यांसमोर होता. रात्री घरी बोलायला तोंड उघडेना. सकाळीही उघडेना. शेवटी शनिवारी दुपारी तीन वाजता, बसस्टॉपवर उभी राहून, मी सासूबाईंना बारमध्ये फोन लावला.

आज आमच्या ऑफिसची माणसं तिथे येताहेत, मी म्हणाले. मीही आहे. तुम्ही बाहेर आलात तर मला ओळख दाखवू नका. मॅडम म्हणा, सगळ्यांना म्हणता तसं. पुढे नोकरीचं, बाईंच्या स्वभावाचं, असं पाच मिनिटं काय काय सांगत राहिले. पलीकडे नुसताच पाण्याचा आवाज. मग त्या म्हणाल्या, "बरं. मॅडम म्हणेन." मी फोन ठेवला. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

तिकडे काय झालं ते मला नंतर कळलं, पण क्रमाने सांगते. फोन घ्यायला सासूबाई गल्लीच्या दारात गेल्या होत्या. पाच सुरया तीन पाण्यांनी धुऊन रॅकवर उपड्या ठेवल्या होत्या. सहावी, आत पावडरीचं पाणी घातलेली, सिंकशेजारच्या फळीवर उभी होती. फोन संपल्यावरही त्या तिथेच उभ्या राहिल्या, किती वेळ ते त्यांनाही आठवत नाही. परत आल्या तर रॅक रिकामा आणि फळीही रिकामी. मालकाला उशीर झाला होता, त्याने स्वतःच सुरया उचलून नेल्या होत्या.

 मग मनाने समजूत काढायला सुरुवात केली. धुतली असेल मी. हात आपोआप चालतात, अकरा वर्षांची सवय. पण तिसरं पाणी आठवेना. दुसरंही आठवेना. त्या पुढे गेल्या आणि मालकाला हळूच विचारलं, साहेब, फळीवरची उभी सुरई घेतलीत का? तो पायऱ्यांवर पाहुण्यांचं स्वागत करत होता. सगळं झालंय, तुम्ही ग्लास बघा, म्हणाला. सुरया तोवर भरून, चकत्या लावून, कापडाखाली मांडल्या होत्या. सहांतली कुठली कोण जाणे. आणि एव्हाना आम्ही सहाजणी खुर्च्यांवर बसलोही होतो.

बोलावं, तर खड्यांसारखं व्हायचं. न बोलावं, तर समोर बसलेल्या अठरा माणसांच्या पोटात पावडर. 

एक नंबर झाला. पांढरी, हलकी. सासूबाई मागच्या दाराच्या फटीतून प्रत्येकाचं तोंड बघत होत्या, कोणी वाकडं करतंय का म्हणून. दोन नंबर झाला. मग त्या ट्रे घेऊन रिकामे ग्लास गोळा करायला बाहेर आल्या. माझ्यापाशी थांबून खालच्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, ग्लास घेऊ?" मी त्यांच्याकडे न बघता ग्लास पुढे सरकवला. ग्लास उचलूनही त्या क्षणभर तिथेच घुटमळल्या. मला वाटलं, माझ्यामुळे, अवघडल्यात बिचाऱ्या. लाज वाटली, आणि लाज कोणाला दिसली नाही म्हणून बरंही वाटलं. तीन नंबर लाल होती. आमच्यातल्या एकीने ती पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर सांडली, तळहाताएवढा लाल डाग पडला, सगळ्या खिदळल्या.

मग चार नंबर आली. मालकाने अठरा ग्लासांत थोडी थोडी ओतली, सुरई सासूबाईंच्या हातात दिली आणि स्वतःचा ग्लास उजेडात धरला. इतक्यात प्यायची नाही, आधी डोळ्यांनी बघा, म्हणाला. काठाला ही जांभळी झाक दिसते का? निळसरच म्हणा ना. ही तरुण वाईनची खूण. एवढ्या स्वस्त वाईनमध्ये असा रंग मीही पाहिला नव्हता. आम्ही सगळ्यांनी ग्लास वर धरले. अय्या, खरंच की, असं मीही म्हणाले.

माझी नजर सहज सासूबाईंकडे गेली. चेहरा राखेसारखा झाला होता. सुरई छातीशी धरून त्या भर्रकन आत गेल्या.

आत जाऊन त्यांनी सुरईतला तळ कपात ओतला आणि प्यायल्या. आयुष्यात पहिल्यांदा. कडू लागलं, तुरट लागलं, जीभ चरचरली. नंतर मला सांगताना रडल्या त्या याच ठिकाणी. म्हणाल्या, "वाईन अशी लागते की पावडर अशी लागते, मला कसं कळणार गं? मी कधी प्यायलेच नव्हते." तिथे सिंकपाशी एकट्या उभ्या, तोंडात तो घोट, आणि विचारायला कोणी नाही. मग त्यांनी उरलेला तळ पांढऱ्या सिंकमध्ये ओतला. ओघळ निळा-जांभळा उतरला. तो रंग त्यांनी अकरा वर्षं रोज पाहिला होता.

सुरई हातात घेऊनच त्या बाहेर आल्या, तेव्हा मालक वासावर बोलत होता. त्या थेट त्याच्याजवळ गेल्या. साहेब, थांबवा. त्याने ओठांवरचं हसू तसंच ठेवून, दातांतल्या दातांत, आत जायला सांगितलं. त्या हलल्या नाहीत. त्याने त्यांच्याकडे पाठ केली आणि आम्हाला म्हणाला, आता एक छोटासा घोट.

मोठ्या बाईंनी ग्लास उचलला. मीही उचलला. ओठांना काच लागली, इतक्यात माझ्या मनगटावर एक ओला, गार हात पडला.

"अगं, पिऊ नकोस. ठेव ते खाली."

आवाज त्यांचाच, पण असा मी कधी ऐकला नव्हता. मोठ्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. या तुला ओळखतात का, त्यांनी विचारलं.

यानंतर मी जे बोलले ते मला कोणी शंभर वेळा पुसून दिलं तरी जाणार नाही. मी म्हणाले, "नाही हो. चुकून म्हणाल्या असतील."

सासूबाईंनी माझं मनगट सोडलं. बाई हसल्या आणि त्यांनी घोट घेतला.

पुढचं क्षणात झालं. भिंतीवरच्या पालीला घाबरणाऱ्या त्या बाईने हातातली सुरई आमच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत, उपडी केली. शेवटचे चार थेंब असतील, पण पांढऱ्या कापडावर ते तीन नंबरच्या लाल डागाशेजारी पडले आणि निळे दिसले. शाईसारखे निळे. "यात धुवायची पावडर आहे," त्या म्हणाल्या. "कोणी पिऊ नका. माझ्या हातून झालंय."

खुर्च्या सरकल्या, ग्लास आपटले. मोठ्या बाईंनी रुमालात थुंकलं, पण थोडं पोटात गेलं होतं. माझा घसा जळतोय, मी मरते की काय, असं त्या म्हणायला लागल्या आणि आम्हा सगळ्यांची बोबडी वळली. मालकाने त्याच वाईनची नवी बाटली फोडून ग्लासात ओतली, आमच्या ग्लासाशेजारी धरली. एक लाल, एक निळसर.  त्याने डॉक्टरला फोन लावला, सासूबाईंनी पावडरीचा डबा आणून दिला, त्याने डब्यावरची बारीक अक्षरं एकेक करून वाचून दाखवली. इतकी लांबलचक दहा मिनिटं मी जन्मात काढली नाहीत. डॉक्टर म्हणाले, चूळ भरा, पाणी प्या, एवढ्याशाने पोट बिघडेल, त्यापलीकडे काही नाही. आणखी कोणी प्यायलंय का? कोणी नव्हतं. म्हणजे, सासूबाई सोडून. ते त्यांनी सांगितलंच नाही.

जिवात जीव आला तसा मालकाला राग आला. पावडर आत राहिलीच कशी? अकरा वर्षांत कधी नाही, आजच कशी? सासूबाई खाली बघून म्हणाल्या की धुताना फोन आला होता.

"कोणाचा?"

"राँग नंबर होता."

"राँग नंबरवर पाच मिनिटं बोलत होतात? मी पाहिलंय तुम्हाला दारात."

त्या एप्रनचं टोक बोटांभोवती गुंडाळत उभ्या. सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. उद्यापासून येऊ नका, हे त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. एवढंच म्हणायला हवं होतं त्यांना की सुनेचा होता. एवढंच. आणि ते त्या म्हणणार नाहीत, हे मला तेव्हा लख्ख कळलं. शब्द दिला होता ना मला, मॅडम म्हणेन म्हणून.

मोठ्या बाई शेजारीच ओठ पुसत बसल्या होत्या.  पुढचा आठवडा, नोकरी, हॉटेल व्यवसाय, सगळं डोक्यात गरगरलं. त्यांच्यापेक्षा मीच जास्त भित्री आहे हे मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या समजलं. मी टेबल धरून उठले.

"फोन माझा होता," मी म्हणाले. "या माझ्या सासूबाई आहेत. मला ओळख दाखवू नका, हे सांगायला केला होता."

 मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आपली खुर्ची थोडी बाजूला घेतली. मालकाने त्या निळ्या डागाकडे पाहिलं आणि तो म्हणाला की उभी सुरई मीच उचलली होती. मला कायदा माहीत होता.

सासूबाईंनी दोघांकडेही पाहिलं नाही. त्या माझ्याजवळ आल्या, हात एप्रनला पुसले आणि मोठ्या बाईंना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, "मी मॅडमच म्हणणार होते गं. तोंडातून निघून गेलं."